जुना भाव वाचताना: ओएनजीसीची वीस वर्षे

मार्च २००४ मध्ये केंद्र सरकारने ओएनजीसीमधला आपला सुमारे दहा टक्के हिस्सा जनतेला विकला. भाव ठरला ७५० रुपये. किरकोळ गुंतवणूकदारांना त्यावर पाच टक्के सूट होती, म्हणजे त्यांना एक शेअर ७१२ रुपये ५० पैशांना पडला. तोवरची देशातली ती सर्वांत मोठी भागविक्री होती; सरकारी तिजोरीत साडेदहा हजार कोटी रुपये आले. २०२४ साल संपले तेव्हा त्याच कंपनीचा शेअर २४० रुपयांच्या आसपास होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर वीस वर्षांत दोन तृतीयांश पैसे बुडाले असे कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात २००४ साली शेअर घेऊन नुसता ठेवून दिलेल्या माणसाचे पैसे तिप्पट झाले होते, आणि लाभांश त्यावर वेगळा.

दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते एकाच वस्तूचे भाव नाहीत. २००४ चा एक शेअर म्हणजे २०२४ चे नऊ शेअर.

त्या वेळी कुणी शंभर शेअर घेतले असे धरू. खर्च ७१,२५० रुपये. २००६ मध्ये कंपनीने दोन शेअरमागे एक बोनस दिला. शंभराचे दीडशे झाले. २०११ च्या फेब्रुवारीत दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे पाच-पाच रुपयांचे दोन तुकडे केले, आणि लगेच एकास एक बोनसही दिला. दीडशेचे आधी तीनशे, मग सहाशे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा दोनामागे एक बोनस, सहाशेचे नऊशे. नऊशे शेअर, प्रत्येकी २४० रुपये, म्हणजे २,१६,००० रुपये. आजच्या मापाने मोजायचे तर २००४ चा ७१२.५० हा भाव नऊने भागून ७९ रुपये १७ पैसे होतो.

जमिनीचा व्यवहार करणारा माणूस सातबाऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा बघून थांबत नाही, तो फेरफार काढून बघतो. वाटणी कधी झाली, गट कधी फुटला, कुणाचे नाव कधी लागले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. शेअरच्या जुन्या भावाचेही तसेच आहे. बोनस, विभाजन, हक्कभाग, कंपनीचे दोन कंपन्यांत वेगळे होणे, हे त्याचे फेरफार. एनएसई आणि बीएसई यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक कंपनीच्या अशा नोंदी एक्स-डेटसह मिळतात. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर त्या बोनसचा किंवा लाभांशाचा हक्क राहत नाही तो दिवस. भाव त्याच दिवशी सकाळी नव्या पातळीवर उघडतो.

आता गोंधळ होतो तो इथे. शेअर बाजारांच्या संग्रहातून जुने दैनिक भाव फुकट उतरवून घेता येतात. ते त्या दिवशी जसे पडले तसेच असतात, नंतरच्या बोनसची त्यांना खबर नसते. उलट ब्रोकरच्या ॲपवरचा किंवा वित्तीय संकेतस्थळावरचा आलेख बहुतेक वेळा मागचे सगळे भाव आजच्या मापात आणून दाखवतो. एका ठिकाणी ७५०, दुसऱ्या ठिकाणी ८३.३३, तारीख तीच, कंपनी तीच. ८३ रुपये ३३ पैसे या भावाने २००४ साली बाजारात एकही सौदा झालेला नव्हता. तो आकडा नंतर हिशेबाने तयार झालेला आहे, आणि परतावा मोजायला तोच उपयोगी आहे.

हाती आलेली माहिती यांपैकी कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला ओएनजीसीच्या बाबतीत एक सोपी जागा आहे. फेब्रुवारी २०११ चा दुसरा आठवडा उघडावा. हजाराच्या वर असलेला भाव एका रात्रीत चौथाईवर आलेला दिसला, तर ते मूळ, न बदललेले भाव आहेत. तिथे रेघ सलग दिसली, तर कुणीतरी मापे जुळवून दिलेली आहेत. डिसेंबर २०१६ मध्येही असाच प्रकार दिसतो, तीनशेच्या घरातला भाव दोनशेच्या घरात येतो. ज्यांनी संगणकावर मूळ भाव ओतून टक्केवारी काढली आहे, त्यांच्या तक्त्यात ही दोन्ही प्रचंड कोसळणी म्हणून नोंदली जातात आणि पुढचे प्रत्येक गणित बिघडते. सरासरी बिघडते, चढउतारांचे माप बिघडते, सर्वांत वाईट दिवसांची यादीच खोटी होते.

लाभांशामुळे आणखी एक पायरी वाढते. याहू फायनान्ससारख्या ठिकाणी बंद भावाशेजारी ॲडजस्टेड क्लोज नावाचा वेगळा रकाना असतो. त्यात बोनस-विभाजनाबरोबर वाटलेला लाभांशही मागे नेऊन वजा केलेला असतो. त्यामुळे कंपनीने नवा लाभांश दिला की मागचे सगळे आकडे थोडे थोडे खाली सरकतात. एकाच जुन्या तारखेचा हा आकडा २०१५ मध्ये उतरवून ठेवला आणि पुन्हा २०२५ मध्ये उतरवला, तर दोन्ही जुळणार नाहीत. यात चूक कुणाचीच नाही. मात्र जुन्या फाइलला नव्या ओळी जोडत जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे; तशी जोडलेली मालिका मधोमध फाटलेली असते. दर वेळी पूर्ण मालिका नव्याने उतरवणे बरे.

ऊर्जा कंपन्यांत फेरफारांचे सगळे नमुने बघायला मिळतात. टाटा पॉवरने २०११ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले. त्याआधीचा चार आकडी भाव आजच्या आलेखात दोन-तीन आकड्यांत दिसतो. याच कंपनीने २०१४ मध्ये पन्नास शेअरमागे सात हक्कभाग ६० रुपयांना दिले. बाजारभावापेक्षा स्वस्त असे शेअर आले की जुन्या भावाचे माप थोडे बदलते, पण ते किती बदलायचे याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. रिलायन्स इंडस्ट्रीजमधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा, २० जुलै २०२३ ला, सकाळी खास सत्र घेऊन रिलायन्सचा नवा भाव २,५८० रुपये ठरवला गेला. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ होता. मधले २६१ रुपये ८५ पैसे बुडाले नव्हते, ती नव्या कंपनीच्या शेअरची किंमत होती. कुठल्या आलेखात हा फरक मागे नेलेला असतो, कुठल्यात नसतो.

रिलायन्स पॉवरची गोष्ट यांहून वेगळी आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारी २००८ मध्ये ४५० रुपयांना आलेली ही भागविक्री. किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपये. मागणी सत्तर पटींहून जास्त. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. लोक संतापले, आणि काही महिन्यांत कंपनीने पाच शेअरमागे तीन बोनस दिले. हा बोनस प्रवर्तकांना वगळून होता. ओएनजीसीच्या बोनसमध्ये सगळ्यांचेच शेअर सारख्या प्रमाणात वाढले, म्हणून कंपनीतला कुणाचाही वाटा हलला नाही. इथे मात्र वाटा प्रवर्तकांकडून बाकीच्यांकडे खरोखरच सरकला. हिशेबाने ४३० चा शेअर २६८.७५ ला पडला. भावाचा आलेख या दोन बोनसांना एकाच पद्धतीने मागे नेतो, दोन्हींत रेघ सारखीच सलग दिसते. वाटा कुणाकडून कुणाकडे गेला हे ती दाखवू शकत नाही. ते कंपनीच्या घोषणेत शोधावे लागते.

एका दिवसाच्या ओळीतही थोडे बघण्यासारखे आहे. उघडता भाव, दिवसातला उच्चांक, नीचांक आणि बंद भाव हे चार आकडे सगळ्यांना माहीत असतात. बंद भाव म्हणजे दिवसातला शेवटचा सौदा, असा मात्र सर्वसाधारण समज आहे. एनएसईच्या जुन्या नोंदींत तो साडेतीनच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, शेअरसंख्येचा भार धरून काढलेली सरासरी असतो. शेवटच्या सौद्याचा भाव वेगळ्या रकान्यात असतो, आणि गडबडीच्या दिवशी दोन्हींत चांगलाच फरक पडतो. शेअरसंख्येच्या रकान्यालाही बोनसचा नियम लागू होतो: २००४ मध्ये दहा लाख शेअर विकले गेले असतील, तर आजच्या मापात ते नव्वद लाख. म्हणून जुन्या आणि नव्या काळातली वर्दळ ताडून बघायची असेल तर शेअरसंख्येऐवजी रुपयांतली उलाढाल घ्यावी. त्याशेजारी डिलिव्हरीचा टक्का बघावा. त्या दिवशी घेतलेल्यांपैकी किती शेअर लोकांनी खरोखर घरी नेले आणि किती संध्याकाळपर्यंत विकून मोकळे झाले, हे त्यावरून कळते. वर्षातून एक ओळ अगदी कमी उलाढालीची दिसते, ती लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या तासाभराची. त्या ओळीवरून बाजारातून लोक निघून गेले असा निष्कर्ष काढायचा नसतो.

लाभांशाकडे परत येऊ, कारण ओएनजीसीसारख्या कंपनीत तो किरकोळ नाही. २०२१-२२ मध्ये तिने शेअरमागे १०.५० रुपये दिले, २०२२-२३ मध्ये ११.२५, २०२३-२४ मध्ये १२.२५. तीन वर्षांचे ३४ रुपये. आपल्या नऊशे शेअरवाल्याला या तीन वर्षांतच ३०,६०० रुपये मिळाले, म्हणजे मूळ भांडवलाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. भावाच्या आलेखात यातला एक रुपयाही दिसत नाही. उलट लाभांशाच्या एक्स-डेटला भाव तेवढा खाली उघडतो, म्हणजे आलेखापुरता तो तोटाच दिसतो. सरकारी कंपन्या, कोळसा, तेल, वीज वाहून नेणाऱ्या कंपन्या नुसत्या भावावर जोखल्या, तर त्यांच्यावर अन्याय होतो.

पण एवढे सगळे जमेस धरूनही प्रश्न उरतोच. वीस वर्षांत तिप्पट म्हणजे भावापुरती वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. पीपीएफवर त्या काळातली बहुतेक वर्षे सरकार आठ टक्के किंवा जास्त व्याज देत होते. निफ्टी मार्च २००४ च्या अखेरीस १,७७० च्या जवळ होता आणि २०२४ च्या अखेरीस २३,६०० च्या वर. म्हणजे तेरा पट. लाभांशाने ओएनजीसीची बाजू बरीच सावरते, तरी ती निफ्टीच्या जवळ पोहोचत नाही. देशातली सर्वांत मोठी तेल उत्पादक कंपनी, तेलाची भूक दरवर्षी वाढणारा देश, आणि तरी असे का? भावाच्या इतिहासाचा खरा उपयोग असे प्रश्न उभे करण्यासाठी आहे. उत्तरे त्या तक्त्याच्या बाहेर शोधावी लागतात.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो असा, की शेजारी कच्च्या तेलाचा भाव ठेवून बघावा. तेल कंपनीचा शेअर तेलाबरोबर चढेल आणि तेलाबरोबर उतरेल, हे सरळ आहे. उतरताना ते खरे ठरते. ९ मार्च २०२० ला, सौदी अरेबिया आणि रशिया यांच्यात उत्पादनावरून बिनसल्यावर तेलाचा भाव एका दिवसात सुमारे चौथाईने पडला, आणि ओएनजीसीचा शेअर त्या दिवशी साधारण १६ टक्क्यांनी कोसळला. चढताना मात्र जोडी जुळत नाही. २००८ मध्ये कच्चे तेल जुलैपर्यंत चढत चढत पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेले. ओएनजीसी जानेवारीपासूनच बाकीच्या बाजाराबरोबर उतरत होती. २०११ ते २०१४ चा मध्य हा तर तेल बहुतेक वेळ शंभर डॉलरच्या वर राहिलेला काळ. त्या काळात शेअरने जे दाखवायला हवे होते त्याची सावलीही आलेखात नाही.

कारण तेलाचा तो भाव कंपनीच्या हातात पडतच नव्हता. डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस सरकारने ठरवलेल्या कमी भावात विकले जात. त्यामुळे इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांना होणाऱ्या तुटीचा काही भाग सरकार भरत असे, आणि काही भाग ओएनजीसीसारख्या उत्पादक कंपन्यांच्या माथी मारला जाई. त्या कंपन्यांनी आपले कच्चे तेल या तीन कंपन्यांना सवलतीत द्यायचे. ओएनजीसीने असे २०११-१२ मध्ये ४४,४६६ कोटी रुपये सोडले, २०१२-१३ मध्ये ४९,४२१ कोटी, २०१३-१४ मध्ये ५६,३८४ कोटी. त्या शेवटच्या वर्षी जगात तेल शंभर डॉलरच्या वर विकले जात होते आणि ओएनजीसीच्या हाती पिंपामागे सुमारे ४१ डॉलर पडत होते. तेल जितके महाग, तितकी सवलत मोठी. मग शेअर घेणाऱ्याने तेलाच्या तेजीचा आनंद का मानावा?

म्हणूनच २०१४ चे वर्ष त्या आलेखात निराळे दिसते. त्या उन्हाळ्यात केंद्रात नवे सरकार आले, सवलतींचे ओझे उतरेल अशी आशा वाढली आणि जूनमध्ये शेअर साडेचारशेच्या वर गेला. आजच्या मापात तीनशेच्या वर. आशा खरीही ठरली. ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले आणि सवलतीचा बोजा झपाट्याने हटला. पण त्याच काही महिन्यांत तेल कोसळायला लागले. जूनमध्ये ब्रेंट जातीचे कच्चे तेल ११० डॉलरच्या वर होते, जानेवारी २०१६ मध्ये ते तीसच्या खाली गेले. ज्या वेळी कंपनीला पूर्ण भाव घ्यायची मुभा मिळाली, त्या वेळी भावच उरला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर, त्या वेळच्या मापात, दोनशेच्याही खाली होता.

पुढची नोंद १ जुलै २०२२ ची. युक्रेनच्या युद्धाने तेल पुन्हा शंभराच्या वर गेले होते आणि या वेळी मध्ये सवलत नव्हती. त्या दिवशी सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये कर बसवला. एका टनात साधारण सव्वासात पिंपे धरली आणि डॉलर त्या वेळच्या ७९ रुपयांना, तर हे पिंपामागे चाळीस डॉलर होतात. शेअर एका दिवसात १३ टक्क्यांनी पडला. त्या तारखेचे तेलाचे भाव कितीही बारकाईने तपासले तरी या पडझडीचे कारण त्यांत सापडणार नाही. कराचा दर पुढे दर पंधरवड्याला बदलत राहिला, आणि २ डिसेंबर २०२४ ला तो रद्द झाला.

या कंपनीच्या भावावर तीन हात आहेत: जागतिक तेलबाजाराचा, रुपया-डॉलर दराचा, आणि मालकाचा. तेल डॉलरमध्ये विकले जाते. २००४ मध्ये पंचेचाळीसच्या आतबाहेर असलेला डॉलर २०२४ अखेर पंच्याऐंशीच्या वर होता, आणि त्याचा फायदा कंपनीच्या रुपयांतल्या मिळकतीला झाला. पण मालक सरकार आहे. तो भाव ठरवतो, कर लावतो, गरज पडली की हिस्सा विकतो. १ मार्च २०१२ ला त्याने २९० रुपये किमान भावाने पाच टक्के हिस्सा लिलावात काढला आणि त्यातला बहुतांश एलआयसीने उचलला. २०१८ च्या जानेवारीत ओएनजीसीने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. पैसे ओएनजीसीचे गेले आणि निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट सरकारचे पूर्ण झाले. माझे स्पष्ट मत असे की ओएनजीसीचा भाव वाचायचा असेल तर तेलाच्या आलेखाआधी या निर्णयांच्या तारखा शेजारी लिहाव्यात. कमी भावात राहिलेली ती वर्षे बाजाराच्या अज्ञानाची नव्हती. बाजाराला मालकाचा स्वभाव नीट कळला होता.

इतिहासाचा दुसरा उपयोग पडझडीची खोली मोजण्यासाठी आहे. २०१४ च्या शिखरावर आजच्या मापात तीनशेच्या वर असलेला शेअर मार्च २०२० मध्ये साठच्या खाली गेला. ऐंशी टक्क्यांची घसरण. ऐंशी टक्के पडलेला भाव मूळ जागी यायला ऐंशी टक्के वाढून भागत नाही, तो पाच पट व्हावा लागतो. तो झालाही, पण २०१४ चे शिखर ओलांडायला २०२४ चा पावसाळा उजाडला. दहा वर्षे. निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या माणसाला हा दहाचा आकडा कोणत्याही सरासरी परताव्यापेक्षा जास्त सांगून जातो. अशा लांब पल्ल्याचा आलेख बघताना उभी पट्टी लॉग मापाची करून घ्यावी; बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. साध्या पट्टीवर साठचे एकशेवीस होणे बारीक दिसते आणि दोनशेचे दोनशे साठ होणेही तेवढेच दिसते. लॉग पट्टीवर दुप्पट ती दुप्पट दिसते.

भावाच्या रकान्यात जे कधीच येत नाही त्याबद्दलही थोडे सांगायला हवे. ओएनजीसीचे काळीज मुंबई हाय आहे, मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर. १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्री रिगने तिथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि मार्च १९८५ मध्ये दिवसाला ४ लाख ७१ हजार पिंपांचे शिखर गाठले गेले. कंपनी शेअर बाजारात यायच्या आधीच ते शिखर मागे पडले होते. म्हणजे आपण ज्या भावाचा इतिहास वाचतो तो सगळा उतरत्या क्षेत्राचा आहे. २७ जुलै २००५ ला, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय उत्तर या मंचाला मदतीच्या जहाजाची धडक बसून आग लागली. बावीस माणसे गेली. दिवसाला लाखाहून जास्त पिंपांचे उत्पादन एका संध्याकाळी थांबले. भावाच्या तक्त्यात त्या तारखेपुढे बाकीच्या तारखांसारखेच चार आकडे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीची तांत्रिक सेवादार म्हणून निवड झाली. त्यातून किती तेल निघेल हे आलेखाच्या मागच्या वळणांवरून सांगता येणार नाही, कितीही रेघा ओढल्या तरी.

दुसरी उणीव मेलेल्या कंपन्यांची. गुहागरजवळ दाभोळचा प्रकल्प उभारणारी एन्रॉन ऑगस्ट २००० मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नव्वद डॉलरला विकली जात होती. २ डिसेंबर २००१ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला; त्याआधीच शेअर एका डॉलरच्या खाली आला होता. आज ऊर्जा कंपन्यांची यादी उघडून वीस-पंचवीस वर्षांचे भाव उतरवणाऱ्याला एन्रॉन सहसा सापडतच नाही. यादीत फक्त जगलेल्या कंपन्या असतात. त्यांच्यावरून काढलेला सरासरी परतावा म्हणूनच खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. जुन्या भावांवर एखादा खरेदी-विक्रीचा नियम लावून तो किती फायद्याचा होता हे दाखवणारे पुष्कळ असतात. त्यांना पहिला प्रश्न हा विचारावा, की तुमच्या यादीत बंद पडलेल्या कंपन्या होत्या का?

आता एक असा हिशेब, ज्यात जुना भाव अभ्यासासाठी नाही, कायद्यासाठी लागतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर आणला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ करातून सोडली. म्हणून ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेला शेअर आज विकला, तर त्या एका दिवसाचा उच्चांक लागतो. बंद भाव चालत नाही. तो उच्चांक आणि विक्रीचा भाव यांतला कमी असेल तो घ्यायचा, मग तो आणि प्रत्यक्ष खरेदीखर्च यांत जो जास्त असेल तो खर्च म्हणून धरायचा. ३१ जानेवारी २०१८ नंतर एखाद्या कंपनीने शेअरचे विभाजन केले असेल, तर त्या दिवसाचा उच्चांकही त्याच प्रमाणात भागावा लागतो. वडिलांकडून वारशाने आलेल्या शेअरना हाच नियम वडिलांच्या खरेदीच्या तारखेने लागतो, त्यामुळे जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि वाटपाची पत्रे फेकू नयेत.

हे आपल्या नऊशे शेअरवाल्याला लावून बघू. परतावा मोजताना आपण ७१,२५० रुपये नऊशे शेअरवर वाटले आणि ७९.१७ हा भाव काढला. करासाठी तसे चालत नाही. बोनस शेअरचा खर्च कायदा शून्य धरतो. मूळ शंभर शेअर विभाजनानंतर दोनशे झाले, आणि सगळे ७१,२५० रुपये त्या दोनशेवरच बसतात: शेअरमागे ३५६ रुपये २५ पैसे. उरलेले सातशे बोनसचे. ३१ जानेवारी २०१८ ला भाव दोनशेच्या आसपास होता. म्हणजे त्या दोनशे शेअरना प्रत्यक्ष खर्चच लागू होतो, आणि सातशे बोनस शेअरना त्या दिवसाचा उच्चांक. २४० रुपयांना विकले तर दोनशे शेअरवर प्रत्येकी ११६ रुपयांचा तोटा दिसतो आणि सातशेवर तीस-चाळीस रुपयांचा नफा. डीमॅट खात्यात आधी आलेला शेअर आधी विकला गेला असे धरतात, त्यामुळे थोडेच शेअर विकायचे ठरवले तर पहिल्यांदा तोट्याचेच जातात, आणि तो तोटा त्या वर्षीच्या दुसऱ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यासमोर मांडता येतो किंवा विवरणपत्र वेळेत भरले असेल तर पुढे आठ वर्षे नेता येतो. ब्रोकरच्या ॲपने काढलेला सरासरी खरेदीभाव या बाबतीत अनेकदा चुकीचा असतो, कारण २००४ ची खरेदी त्याच्या नोंदीतच नसते. विकण्याआधी चारही तारखांचे शेअर वेगवेगळ्या ओळींत लिहून सीएला दाखवावेत: २००४ चे दोनशे, २००६ च्या बोनसचे शंभर, २०११ चे तीनशे आणि २०१६ चे तीनशे.